पाठवले चार, मिळाले चार

१७ नोव्हेंबर, सोमवार
संचमान्यता आली, म्हणजे पोरांच्या संख्येवरून शिक्षकांची मंजूर पदं. पोरं घटली म्हणून शाळेतलं एक पद जास्त ठरलं. ते पद चित्रकलेचं. शाळेत चित्रकलेला मी एकटाच आहे, त्यामुळे 'अतिरिक्त' कोण यावर फार चर्चा झाली नाही.

मुख्याध्यापक लक्ष्मणराव सरांनी बोलावून सांगितलं की समायोजन, म्हणजे दुसऱ्या शाळेत बदली, बहुधा आष्टीला होईल. आष्टी म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. देवळीहून वर्धा, वर्ध्याहून आर्वी, आर्वीहून आष्टी. बेचाळीसच्या लढ्याचं गाव आहे, मला अभिमान आहे. पण अभिमान देवळीत राहूनही बाळगता येतो. घर इथं आहे. छायाची नोकरी सेवाग्रामला, दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर. आणि बावीस वर्षं मी शाळेची घंटा ऐकून घरातून निघत आलो आहे. असा माणूस तीन एस.टी. कशा बदलेल?

एकच वाट आहे. देणगीतून वीस कॉम्प्युटर आलेत, त्यात एक मोठं मशीन. शिक्षण विभागाच्या तपासणी अधिकारी १२ जानेवारीला येणार. तोपर्यंत कॉम्प्युटर एकमेकांना जोडून, मोठ्या मशीनमधले धडे सगळ्या मशीनवर दिसले, तर संगणक कक्ष 'चालू' ठरेल. जो चालू करेल तो कक्षप्रमुख, आणि कक्षप्रमुखाचं समायोजन तूर्त थांबेल.

सरांनी विचारलं, नेटवर्किंग कोणाला येतं? मी हात वर केला. माझ्या मागे विज्ञानाच्या मयुरी मॅडमनेही केला होता म्हणे. पण मी पुढे बसलो होतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
वर्ध्याला जाऊन पुस्तक आणलं. 'तीस दिवसांत नेटवर्किंग'. जाड आहे. तीस प्रकरणं.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून एक प्रकरण. १८ डिसेंबरला पुस्तक संपेल. पुढचे पंचवीस दिवस नुसता रुबाब.

१९ नोव्हेंबर, बुधवार
उठलो पावणेआठला. थंडी फार. पहाटे मेंदूला रक्तपुरवठा कमी असतो असं कुठेतरी वाचलंय. अभ्यास संध्याकाळी करणार.

संध्याकाळ: पाहुणे.

२३ नोव्हेंबर, रविवार
पहिली चार प्रकरणं एका दमात चाळली. सगळं आपल्याच गावातलं आहे, उगीच इंग्रजीचा बाऊ. समजलं ते टिपून ठेवतो, पुढे व्याख्यानाला कामी येईल.

सर्व्हर म्हणजे ज्याच्याकडे सगळे मागतात तो. क्लायंट म्हणजे मागणारे. आमच्या शाळेत लक्ष्मणराव सर सर्व्हर, आणि रजेचे अर्ज घेऊन उभे असलेले आम्ही क्लायंट. सर्व्हर बऱ्याचदा 'व्यस्त' असतो, तेही जुळतं.

आय.पी. ॲड्रेस म्हणजे प्रत्येक मशीनचा नंबर, दहावीच्या पोराचा असतो तसा. एकाच नेटवर्कात दोघांना एकच नंबर दिला की भांडण. हे नंबर आपोआप वाटणाराही असतो एक, डी.एच.सी.पी. नावाचा. लग्नाच्या पंगतीत 'तुम्ही इथं बसा, तुम्ही तिथं बसा' करणारा माणूस.

पॅकेट: निरोप एकदम जात नाही, तुकडे होऊन जातो आणि पलीकडे जोडला जातो. माझी सासू पुलगावहून निरोप पाठवते तो असाच तिघांकडून तुकड्या-तुकड्यांनी येतो. जोडला की नेहमी माझ्याविरुद्ध निघतो.

नाव सांगितलं की नंबर सांगणारा तो डी.एन.एस. म्हणजे बसस्टँडवरचा बंडूजींचा पानठेला. अमक्याचं घर कोणतं विचारा, पान लावता लावता सांगतील.

छायाला हे सगळं वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणे, सर्व्हर बसला का मले खिडकीत लोकायच्या शिव्या खा लागते, मले नका शिकवू. मी तिला म्हटलं की वापरणं वेगळं आणि समजणं वेगळं. यावर ती काही बोलली नाही, म्हणजे पटलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार
आज श्रावणभाऊने वायर ओढायला घेतल्या. श्रावण आमचा शिपाई. शाळेत लागण्याआधी पंधरा वर्षं देवळीत केबल टी.व्ही.च्या वायरी टाकायचा. गावातली कुठली भिंत पोकळ आहे ते त्याला ठाऊक. शिक्षण नववी. हाताला चांगला आहे, पण सिद्धान्त नाही. मी त्याला पॅकेट समजावून सांगितलं. तो शिडीवर होता. म्हणे, हाव सर, तो पकडीचा डब्बा इकडे द्या.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
स्विच नावाची पेटी आली. वीसही मशीनच्या वायरी हिच्यात येऊन मिळतात म्हणे. स्विच आणि राउटर यात लोकांचा गोंधळ होतो. माझा नाही. स्विच गावातल्या गावात निरोप पोचवतो. राउटर म्हणजे एस.टी. कंट्रोलर, गावाबाहेर कोणत्या गाडीने जायचं ते तो सांगतो.

पेटी नवी कोरी. निळी, तकतकीत, वर प्लास्टिक. श्रावण तिथल्या तिथे प्लास्टिक फाडायला निघाला होता! त्याला थांबवलं. तपासणीला सहा आठवडे आहेत. तोवर धूळ बसणार, पोरं हात लावणार. आमच्या शाळेची रीत आहे: नवी वस्तू आली की आधी डेडस्टॉक रजिस्टरला नोंद, मग तिच्यावर नंबर, मग कपाटात, मग कुलूप. सूक्ष्मदर्शक असाच अकरा वर्षं नवाच्या नवा ठेवला आहे.

नोंद केली. पेटी कपाटात. किल्ली माझ्या जानव्याला बांधली असती, पण जानवं नाही. खिशात.

२ डिसेंबर, मंगळवार
टर्मिनल! आज पहिल्यांदा उघडलं. काळी खिडकी आणि तिच्यात लुकलुकणारी रेघ. उंदीर चालत नाही, चित्रं नाहीत. रेघ नुसती म्हणत असते, बोला, काय काम आहे. तिला प्रॉम्प्ट म्हणतात. तहसीलमधल्या बाबूसारखी आहे. गोड बोलून उपयोग नाही, अर्ज अचूक पाहिजे, एक अक्षर चुकलं की परत.

'डायर' म्हटलं की कपाटात काय काय आहे ती यादी. 'सी.डी.' म्हटलं की या खोलीतून त्या खोलीत. 'सी.एल.एस.' म्हटलं की सगळा पडदा स्वच्छ, जणू काही झालंच नाही. हा हुकूम मला फार आवडला. दिवसभरात साठेक वेळा दिला.

मयुरी मॅडम दारात उभ्या राहून म्हणाल्या, सर, काही मदत लागली तर सांगा, माझा कॉम्प्युटर विषय होता. मी म्हटलं, जरूर. आणि सी.एल.एस. दिला.

५ डिसेंबर, शुक्रवार
ऐतिहासिक दिवस. सविस्तर लिहितो.

प्रकरण नऊ: पिंग. पिंग म्हणजे दुसऱ्या मशीनला हाक मारणं. आपण पाठवायचं 'आहेस का?', त्याने म्हणायचं 'आहे'. चार वेळा विचारतात. ओ आली तर जोडणी ठीक; किती वेळात आली तेही कळतं. ओ आली नाही तर जोडणी तुटलेली.

पुस्तकात उदाहरणाला नंबर दिला होता १२७.०.०.१. खाली बारीक अक्षरात काही तळटीप होती. चष्मा स्टाफरूममध्ये राहिला होता. नंबर टाकला. एंटर मारला.

ओ आली! चारही वेळा! आणि वेळ? एका मिलिसेकंदापेक्षा कमी! पुस्तकात लिहिलंय की पंधरा-वीस मिलिसेकंद उत्तम समजावं. खाली हिशेब आला: पाठवले चार, मिळाले चार, हरवले शून्य.

आयुष्यात माझं असं काही प्रथमच झालं, ज्यात हरवले शून्य.

दुसऱ्या मशीनवर गेलो. तीच ओ. तिसऱ्या, चौथ्या. वीसच्या वीस. पहिल्याच प्रयत्नात संपूर्ण नेटवर्क चालू! आणि अजून पेटी कपाटातच आहे!! याचा अर्थ एकच, ही मशीनं नवीन तऱ्हेची आहेत, त्यांना पेटीची गरजच नाही. देणगीदाराने सांगितलं नसेल.

लक्ष्मणराव सरांना वीसही मशीनवर दाखवलं. ते म्हणाले, वा. चष्मा पुसून पुन्हा म्हणाले, वा.

६ डिसेंबर, शनिवार
सुट्टी. श्रावण गावातल्या अभिवादनाच्या कार्यक्रमात होता, तिथं भेटला. त्याला आनंदाची बातमी दिली. तो म्हणे, सर, वायरीची टोकं तं मी टेबलापाशी बांधून ठेवली, कशातच घातली नाई. मंग उत्तर कोन देऊन राह्यलं, ते तं इचारा.

नववी.

८ डिसेंबर, सोमवार
श्रावणने चिठ्ठी आणून दिली. त्यावर नंबर: १९२.१६८.१.१०. म्हणे, हा मोठ्या मशीनचा नंबर, मयुरी मॅडमनं मशीनमंधी टाकून देला, याले हाक मारून पाहा, याची ओ आली तं खरं.

मनाचा मोठेपणा म्हणून मारून पाहिलं. चारही वेळा 'पोचता येत नाही'. मिळाले शून्य, हरवले सगळे.

म्हणजे पाहा. माझा नंबर: शंभर टक्के. यांचा नंबर: शून्य टक्के. विज्ञान म्हणजे प्रयोग, आणि प्रयोगाने सिद्ध झालं की श्रावणचा नंबर चूक आहे. तसं त्याला सांगितलं. तो म्हणे, सर, पेटी काढा बाहेर. मी म्हटलं, बारा जानेवारीला. तो म्हणे, तपासू तं द्या. मी म्हटलं, डेडस्टॉक.

चिठ्ठीच्या पाठीमागे कागद चांगला होता. ब्रश पुसायला ठेवली.

१० डिसेंबर, बुधवार
छायाला एक मिलिसेकंदाचं सांगितलं. तिनं विचारलं, वायर लावली का? म्हटलं, नाही, तेच तर. ती म्हणे, मंग तुमी स्वतःच्याच नंबरले फोन लावून, स्वतःच उचलून, आवाज कित्ती साफ येते म्हून खूश होऊन राह्यले.

बायकांना तंत्रज्ञानातल्या यशाची असूया असते. शिवाय स्वतःच्या नंबरला फोन लावला तर एंगेज लागतो. करून पाहिलं.

१३ डिसेंबर, शनिवार
पुस्तकाची पंधरा प्रकरणं राहिली आहेत. पण नेटवर्क चालू झाल्यावर नेटवर्किंग शिकणं म्हणजे लग्न झाल्यावर मुलगी पाहायला जाणं. मधली सोडली. फक्त सुरक्षेचं प्रकरण वाचलं, कारण अधिकारी मॅडम विचारतील.

फायरवॉल: कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला दारातून वाटेला लावायचं ते ठरवणारी व्यवस्था. आमच्या घरी आहे. विमेवाला, चुलतभाऊ आणि माझे मित्र अडवते.

पोर्ट: एकाच घराला अनेक दारं. पुस्तकात ठळक अक्षरात चौकट आहे: 'वापरात नसलेली पोर्ट बंद ठेवावीत.' हे मला फार पटलं.

१६ डिसेंबर, मंगळवार
पेटीवर डेडस्टॉक नंबर रंगवायचा राहिला होता. कपाट उघडून पेटी काढली. वरच्या बाजूला प्लास्टिक, ते काढायचं नाही. मागे वीज. पुढची बाजू तेवढी मोकळी, पण तिच्यात ओळीने चोवीस चौकोनी भोकं. या भोकांवर अक्षर बसणार कसं?

पेटीकडे नीट पाहिलं. चोवीस भोकांवर १ ते २४ आकडे होते आणि खाली 'पोर्ट' लिहिलं होतं. वापरात एकही नव्हतं.

चौकट आठवली. एका दगडात दोन पक्षी. सुतारकामाची लांबी, म्हणजे लाकडाच्या भेगा बुजवायचा लगदा, घेतली, चोवीसही पोर्ट एकेक करून नीट बुजवली, पॉलिश पेपर मारला. पृष्ठभाग असा गुळगुळीत झाला की हात फिरवत बसावं. त्यावर पिवळ्या ऑइलपेंटने: डे. स्टॉ. ४१२. 'डे'च्या मात्रेला अशी लय आली आहे की सांगता सोय नाही.

पेटी वाळवून कपाटात. कुलूप.

२२ डिसेंबर, सोमवार
कक्षाच्या भिंती फार ओक्याबोक्या वाटतात. संकल्प: समोरच्या भिंतीवर नेटवर्कचं भव्य चित्र. तांत्रिकदृष्ट्या बिनचूक.

पुस्तकातली आकृती घेऊन कोळशाने रेखाटन केलं. मध्यभागी स्विच, त्याच्याभोवती एकोणीस मशीन, वर विसावं म्हणजे सर्व्हर, कडेला राउटर, त्याच्यापलीकडे ढग. ढगाला इंटरनेट म्हणतात. ढगात काय असतं ते पुस्तकही सांगत नाही.

२९ डिसेंबर, सोमवार
चित्र अर्धं झालं. प्रत्येक वायर वेगळ्या रंगात. मशीनमशीनमध्ये चाललेलं संभाषण कसं दाखवावं? दोन मशीन बोलण्याआधी तीन वेळा हस्तांदोलन करतात. एक म्हणतं, बोलू का? दुसरं म्हणतं, बोला, तुम्ही ऐकताय ना? पहिलं म्हणतं, ऐकतोय. आपल्याकडचंच आहे: जेवले का? हो, तुम्ही? हो. मग कामाचं. या शिष्टाचाराला प्रोटोकॉल म्हणतात. चित्रात मशीनना छोटे हात काढले. नमस्कार करणारे.

श्रावण बराच वेळ चित्रासमोर उभा होता. मध्यावरच्या पेटीवर बोट ठेवून म्हणे, सर, तुमी तं सारं बराबर काढलं. मंग काऊन…

वाक्य पुरं केलं नाही. भारावला होता.

३ जानेवारी, शनिवार
चित्र पूर्ण. लक्ष्मणराव सर म्हणाले, हे मात्र उत्तम. 'मात्र' हा शब्द त्यांच्या बोलण्यात नेहमीच असतो.

टेबलापाशी श्रावणने बांधलेला वायरींचा झुपका लोंबत होता. वीस टोकं, प्रत्येकाला पारदर्शक बोंड. अगदी अशोभनीय. त्याला स्नेहसंमेलनातली गुलाबी रिबीन बांधली, वरून टेबलक्लॉथ टाकला.

९ जानेवारी, शुक्रवार
मयुरी मॅडम येऊन म्हणाल्या, सर, एकदा मोठ्या मशीनमधले धडे बाकीच्या मशीनवर उघडून पाहू या का? मी म्हटलं, मोठ्या मशीनवर उघडतात, मी स्वतः पाहिले. त्या म्हणाल्या, त्याच मशीनवर त्याच मशीनमधले धडे उघडणारच. मी म्हटलं, मग प्रश्नच मिटला.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, सर, तुम्ही आष्टीला जावं असं इथं कोणालाच वाटत नाही. किल्ली द्या, श्रावणभाऊ आणि मी उद्या दुपारपर्यंत करून देतो, नाव तुमचंच राहील.

क्षणभर गलबललं. पण मग लक्षात आलं की ज्याचं काम पूर्ण झालं आहे त्याला मदत देऊ करणं हा एक प्रकारचा संशय आहे. नम्रपणे नकार दिला.

११ जानेवारी, रविवार
उद्या. पांढरा शर्ट इस्त्री केला. भाषण तयार. छायाला म्हटलं, पुढची नऊ वर्षं इथंच, निवृत्त होईपर्यंत. ती म्हणे, देवाच्या पाया पडजा. म्हटलं, पिंग मारला आहे.

१२ जानेवारी, सोमवार. सकाळ
शेवटची तपासणी. वीसही मशीन. पाठवले चार, मिळाले चार. हरवले शून्य.

१२ जानेवारी, सोमवार. संध्याकाळ
डोकं दुखतं. थोडक्यात लिहितो.

अधिकारी मॅडम साडेअकराला आल्या. साध्या, बारीक, हातात वही. सोबत लक्ष्मणराव सर, मयुरी मॅडम. श्रावणला मी चहा आणायला पाठवलं होतं, मुद्दाम. तो लवकर परत आला.

मी सर्व्हर, क्लायंट, पंगत, पानठेला सगळं सांगितलं. मॅडम पानठेल्याला हसल्या. म्हणाल्या, छान समजावता. मग सातव्या मशीनवर बसून मी पिंग मारला. ओ आली. एक मिलिसेकंदाच्या आत. मी मागे सरकून उभा राहिलो.

मॅडमनी नंबर वाचला. मशीनची वायर शोधली, तिचा माग काढत काढत टेबलापर्यंत आल्या, टेबलक्लॉथ उचलला. गुलाबी रिबीन. बराच वेळ रिबिनीकडे पाहिलं.

म्हणाल्या, सर, हा नंबर जगातल्या प्रत्येक मशीनचा स्वतःसाठीचा असतो. यावर हाक मारली की मशीन स्वतःलाच हाक मारतं आणि स्वतःच ओ देतं. यात कधीच काही हरवत नाही, कारण काही कुठे जातच नाही.

मी सी.एल.एस. दिला. पडदा स्वच्छ झाला. मॅडम तिथेच होत्या.

मग त्या भिंतीकडे वळल्या. चित्र पाहिलं, जवळ जाऊन, लांबून. म्हणाल्या, इतकी बिनचूक आकृती मी कुठल्याच शाळेत पाहिली नाही. मग मध्यावर बोट ठेवून, ही पेटी चित्रात आहे. खोलीत कुठे आहे?

सगळे माझ्या खिशाकडे पाहत होते.

कपाट उघडलं. श्रावणने पेटी बाहेर काढली, रिबीन सोडून एक वायर हातात घेतली, पेटी फिरवली. आणि थांबला. 'डे. स्टॉ. ४१२'वरून अंगठा फिरवला. नखाने एक कोपरा खरवडून पाहिला. म्हणे, सर, यात लांबी भरली का तुमी?

मी म्हटलं, वापरात नसलेली पोर्ट बंद ठेवावीत.

लक्ष्मणराव सर खिडकीबाहेर पाहू लागले. अधिकारी मॅडमनी रुमाल तोंडाला लावला, खोकला आला असावा. मयुरी मॅडम एकट्याच माझ्याकडे बघत होत्या, आणि ते सगळ्यात वाईट होतं.

श्रावण म्हणे, मॅडम, दोन दिवस द्या, सुईनं कोरून काढतो. त्या म्हणाल्या, मला आजचा शेरा आज लिहावा लागतो.

शेरा: 'भिंतीवरील चित्र उत्कृष्ट. कक्ष बंद.'

१३ जानेवारी, मंगळवार
चष्मा लावून तळटीप वाचली. दोन ओळी. 'हा नंबर म्हणजे तुमचे स्वतःचेच मशीन. याला आलेल्या उत्तरावरून नेटवर्क चालू आहे असे समजू नये.'
अक्षर एवढं बारीक छापतात! प्रकाशकाला पत्र लिहिणार.

२३ जानेवारी, शुक्रवार
आदेश आला. आष्टी. २ तारखेला रुजू. कक्षप्रमुख: मयुरी मॅडम.

छायाने बॅग खाली काढली, पुसली, माझे स्वेटर घातले. मग पाठमोरी म्हणे, शनिवारी येजा, लवकरची गाडी पकडजा. टोमणा नव्हता. मी वाट पाहिली, आला नाही.

संकल्प: एस.टी.त दर टप्प्याला एक प्रकरण, म्हणजे एका फेरीत तीन. पुस्तक पाच फेऱ्यांत संपेल.

२ फेब्रुवारी, सोमवार
रुजू झालो. पुस्तक आर्वीच्या स्टँडवर बाकावर राहिलं.

शाळा चांगली. चित्रकलेला इथं तीन वर्षं शिक्षक नव्हता. पोरांनी सूर्य हिरवा काढला होता, बराच बरा होता. खोली शाळेमागेच मिळाली. घंटा ऐकू येते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
श्रावणचा फोन. कक्ष सुरू झाला. सुईने चार दिवस कोरत होता. एकवीस पोर्ट मोकळी झाली, तीन कायमची गेली. वीसच लागतात म्हणून भागलं. चित्राला त्याने कोणाला हात लावू दिला नाही म्हणे. 'डे. स्टॉ. ४१२'मधली फक्त मात्रा उरली आहे.

मग हसू दाबत म्हणे, सर, मोठ्या मशीनले नाव द्या लागते, तं मी मॅडमले म्हटलं तुमचंच देऊ. आता सारी मशीनं 'गोपाल' म्हून हाक मारते आन् धडे मागते. मी विचारलं, माझं का? म्हणे, हाक मारली का लगेच ओ देते. आयकत मात्र कोनाचंच नाई.

नववी.

७ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी
दुपारची गाडी आहे. शाळेत लवकर आलो. इथं कार्यालयात एकच कॉम्प्युटर आहे, तो कशालाच जोडलेला नाही. कारकून यायचे होते. काळी खिडकी उघडली.

टाकलं: पिंग गोपाल.

मशीन थोडा वेळ थांबलं. मग म्हणालं, गोपाल नावाचं कोणी सापडलं नाही. नाव तपासून पुन्हा प्रयत्न करा.

नाव तपासलं. बरोबर होतं.

इकडेतिकडे पाहिलं. आणि मग तो जुना नंबर टाकला. १२७.०.०.१.

पाठवले चार. मिळाले चार.